शिळावर्तुळांचे वारस

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासोबत नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून स्टीफन हिस्लॉप घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले होते. वाटेतला नाला फुगला होता. मुक्कामावर घोडा एकटाच पोचला. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा टिपून ठेवल्या. दुसऱ्यांच्या पुरखांच्या कबरी पाहायला गेलेला हा माणूस याच मातीत कायमचा राहिला. ४ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे त्यांचे नाव रोज घेतले जाते.

ती वर्तुळे ज्यांची, त्यांचे नाव घेणारे कुणी उरलेले नाही. वर्धा जिल्ह्यात खैरवाड्यालाही अशी वर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार रचलेले, आत माती-गोट्यांचा भराव. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भातली माणसे आपल्या मृतांना अशी जागा देत. १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, काळी-तांबडी भांडी, घोड्याचा तांब्याचा साजही सापडला आहे. लोखंड तेव्हा नवलाईचे होते. तरीही जिवंतांनी धार लावलेली कुऱ्हाड गेलेल्याच्या उशाशी ठेवली. आप्तांची माया याहून वेगळी ती काय असते?

पितृपक्षात आपण तीन पिढ्यांची नावे घेऊन पाणी देतो. त्यापलीकडचे आपले पुरखेही निनावीच असतात. मग ज्यांनी ही जमीन आपल्याआधी कसली, त्यांना परके कसे म्हणायचे?

केंद्राच्या यादीतल्या संरक्षित स्मारकांना १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे कवच आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. यादीबाहेरच्या वर्तुळाचा धोंडा मात्र धुऱ्याला लागतो, भराव मुरमासोबत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. आपल्या वावरात काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पुरातत्त्व आणि महसूल खात्याने मिळून गावोगावची वर्तुळे मोजावीत, सातबाऱ्यावर त्यांची नोंद करावी, ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवावी. शाळांनी मुलांना तिथे न्यावे. ज्याचा वंश उरला नाही, त्याच्या कबरीची राखण गावानेच करायची असते.