युनिटचा आकडा मोठा छापा

वीजबिल वाढले की दिवे-पंखे बंद करण्यावरून घरोघरी कुरबुर सुरू होते. खरे तर बिलाचा मोठा भाग उपकरण विकत घेतले त्याच दिवशी ठरून गेलेला असतो. म्हणूनच उपकरण किती वीज वाचवते हे ताऱ्यांत सांगणाऱ्या स्टार लेबलाचा नियम महत्त्वाचा. ऊर्जा दक्षता ब्युरोने 2006 मध्ये हे लेबल आणले आणि 2010 पासून एसी व फ्रॉस्ट फ्री फ्रिजला ते सक्तीचे झाले. मात्र झोपडीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे फिरणाऱ्या छताच्या पंख्याला ही सक्ती लागायला 2023 उजाडले. हा उशीर गरिबांना महाग पडला. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचा पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालवला तर महिन्याला 27 युनिट आणि 11 युनिट, एवढा फरक! घरात असे दोन पंखे असतील, तर शंभर युनिटांपुढचा चढा दर लागणार की नाही हे तेवढ्यावरच ठरू शकते.

दुकानात मात्र बोलणे फक्त ताऱ्यांचे चालते. हे तारे उपकरणाच्या क्षमतेच्या तुलनेत दिलेले असतात. मोठा 5 स्टार फ्रिज छोट्या 3 स्टार फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय निकष बदलतात. जुलै 2022 मध्ये एसीचे निकष कडक झाले आणि आधीचे कित्येक 5 स्टार एसी 4 स्टारवर आले. एसीच्या लेबलावरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात, म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे दिवस. मुंबईत रात्रभर, जवळपास वर्षभर एसी लावणाऱ्याने बिलाचा अंदाज त्यावरून बांधला तर तो फसणारच. वार्षिक युनिट, गृहीत धरलेले तास आणि लेबलाचे वर्ष ताऱ्यांइतक्याच ठळक अक्षरांत, मराठीतही छापण्याची सक्ती केंद्राने करावी.

भाड्याच्या घरांचा प्रश्न याहून अवघड आहे. पंखा घरमालक घेतो, बिल भाडेकरू भरतो. स्वस्तातला पंखा लावण्यात मालकाचे काहीच जात नाही. जळालेली मोटर रिवाइंडिंग करून पुन्हा लावली, तर तिथे लेबलाचा संबंधच उरत नाही. हातात एकरकमी पैसे नसलेल्या कुटुंबाला नुसते लेबल दाखवून काय उपयोग? 2015 च्या उजाला योजनेत एलईडी बल्बचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोय होती. महावितरणने तीच सोय 5 स्टार पंख्यांसाठी सुरू करावी, आणि ती भाडेकरूंनाही मिळावी.