मोत्याची खरूज

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. एकच शब्द दहा ठिकाणी ठोकून देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मी सढळ हाताने तांबडी शाई सांडतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या मोत्याने माझीच वही तपासली आणि मला सपशेल नापास केले.

त्याचे असे झाले. मोत्याच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले. मग पुढच्या पायांवर चट्टे दिसू लागले. मी एकदा पाहिले आणि निकाल दिला, "खरूज!" रोगाला नाव मिळाले की उपाय सांगणाऱ्यांना काय तोटा? तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "कडुनिंबाचा पाला उकळा." सासूबाईंनी हळद सुचवली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मोटारीचे जळके ऑईल फुकट देऊ केले. ते तेवढे मी नाकारले. शेवटी औषधांच्या दुकानातून माणसांना लावायची एक ट्यूब आणली. आठवडाभर खाज थांबली. मी ऐटीत सौभाग्यवतीला म्हणालो, "बघ, डॉक्टरची फी वाचली की नाही?"

पुढच्या पंधरवड्यात मोत्या अर्धा उघडा पडला. कातडी लाल झाली, पू धरला, घरभर वास सुटला. रात्रभर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची साखळी वाजे. जिन्यात शेजारी अंग चोरू लागले. एकाने हळूच सुचवले, "प्रोफेसर, लांब कुठेतरी सोडून या की!" धाकटी त्या रात्री जेवली नाही. "बाबा, तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलंच नाहीत ना?" एवढेच ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठले. ही संस्था १८८६ सालची. त्या रस्त्याने मी बसमधून कितीदा गेलो असेन, पण आत कधी पाऊल टाकले नव्हते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रोगाचे नाव घेण्याची मुळीच घाई केली नाही. ब्लेडने, जरासे रक्त दिसेपर्यंत, कातडी खरवडली. ते खरवडलेले काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मग म्हणाल्या, "या, तुम्हीच पाहा." चिरुटासारखे लांबट जीव आखूड पाय हलवत होते.

"हे डेमोडेक्स. बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळांशी हे थोडेफार असतातच. प्रतिकारशक्ती कमी पडली की फोफावतात. हे माणसाला लागत नाहीत. लागते ती सार्कोप्टिस नावाच्या किड्याची खरूज. बुरशीनेही केस जातात, पिसवांच्या ॲलर्जीनेही जातात. वरून सारे सारखेच दिसते, औषध मात्र प्रत्येकाचे निराळे. तुम्ही काय लावलेत?"

मी ट्यूब पुढे केली.

"यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, पण प्रतिकारशक्तीही दबते. मग किड्यांना रान मोकळे!"

आठवडाभराच्या त्या आरामाचा अर्थ मला तेव्हा कळला.

किड्यांसाठी गोळ्या, पू झाला होता त्यासाठी वेगळे औषध, आणि माणसांचा साबण बंद करून कुत्र्यांचा शांपू. बाईंनी बजावले, "केस आले म्हणून औषध थांबवू नका. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून एकही किडा मिळाला नाही, तरच बरा झाला म्हणायचे." त्याप्रमाणे चार महिने खेपा घातल्या. फी किती वाचली, हे सौभाग्यवतीने एकदाही विचारले नाही, हे तिचे उपकार.

यंदा दिवाळीला मोत्याच्या अंगावर नवी कोरी लव आहे. धाकटी पुन्हा त्याच्या गळ्यात पडते. वाचकहो, आपल्या घरी असा मुका जीव खाजवत बसला असेल, तर त्याच्या दुखण्याचे बारसे आपण करू नये. पशुवैद्याकडे न्यावे, आणि त्यांनीही नुसत्या नजरेने औषध दिले, तर नम्रपणे विचारावे, "खरवडून पाहता का?"

ती ट्यूब अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तांबडी शाई काढायला खण उघडला की आधी तीच हाताला लागते.