पाहुणा परत येतो तेव्हां

ऑगस्ट २०२५ मधली एक सकाळ. आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्याची बस काळेवाडी फाट्यावर येण्यास अद्यापि पाऊण तासाचा अवकाश होता, आणि हे गृहस्थ एका हातांत चहाचा पेला व दुसऱ्या हातांत मोबाईल धरून ओसरीवरच्या झोपाळ्यावर तल्लीन होऊन बसले होते. चौकशी करतां कळलें कीं, 'एलियन : अर्थ' नांवाच्या इंग्रजी मालिकेचा तो आरंभ होता. अमेरिकेंत ती १२ तारखेस लागली आणि आपल्याकडे १३ तारखेस आली. १९७९ सालीं रिडली स्कॉट या दिग्दर्शकानें 'एलियन' हा चित्रपट काढला. तेव्हांपासून २०२४ पर्यंत त्या मूळ कथेचे सात चित्रपट निघाले. परंतु मालिकेच्या रूपानें ती कथा घरोघर येण्याचा हा पहिलाच प्रसंग.

कथा सन २१२० मधली कल्पिली आहे. परग्रहांवरचे हिंस्र जीव घेऊन येणारें एक यान पृथ्वीवर कोसळतें, हा तिचा एक धागा. दुसरा धागा आम्हांस अधिक विचार करावयास लावणारा वाटला. असाध्य रोगानें मरणाच्या दारीं पोंचलेल्या मुलांची जाणीव एक धनाढ्य कंपनी काढून घेते, आणि ती कृत्रिम अशा प्रौढ देहांत घालते. परकायाप्रवेशाची कल्पना आम्हां संस्कृत शिकलेल्यांस नवी नाहीं. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. परंतु आचार्य आपल्या मूळ देहांत परतले होते. या मुलांस परतण्यास देहच उरत नाहीं.

पुतण्या हें सारें आम्हांस समजावून सांगत असतां आमचा आठ वर्षांचा नातू मागें येऊन केव्हां उभा राहिला, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यानें विचारलें, "काका, मग ती मुलं मरतच नाहींत का?"

पुतण्यानें मोबाईल पालथा ठेवला. त्यानें काय उत्तर दिलें तें शेवटीं सांगूं. कारण एकवीस वर्षांपूर्वीं याच घरांत त्यानें स्वतः आम्हांस असाच एक प्रश्न केला होता, आणि त्या वेळीं आमचें उत्तर चुकलें होतें.

चित्रपटावरून मालिका काढण्याची रीति जुनीच आहे. जो चित्रपट लोकांनीं डोक्यावर घेतला, त्याच्या नांवाला गिऱ्हाईक तयार असतें. नव्या कथेला तें मिळवावें लागतें. तथापि तयार गिऱ्हाईक शेवटपर्यंत टिकतेंच असें नाहीं. 'प्लॅनेट ऑफ दि एप्स' या कथेचे १९६८ ते १९७३ या काळांत पांच चित्रपट झाले. सप्टेंबर १९७४ मध्यें तिची मालिका सुरू झाली, आणि अवघे १४ भाग तयार होऊन त्याच वर्षअखेर ती बंदहि पडली. उलट 'स्टारगेट' हा चित्रपट १९९४ चा; त्यावरची मालिका १९९७ सालीं सुरू झाली ती २००७ पर्यंत चालली आणि तिचे २१४ भाग झाले. म्हणजे मूळ चित्रपटाची पुण्याई पहिल्या दिवशीं दार उघडून देते. पुढें ज्याचें त्यालाच चालावें लागतें.

या रीतीला नाक मुरडण्याचें आपणांस तरी कारण नाहीं. चातुर्मासांत पुराणिकबुवा एकच ग्रंथ लावीत आणि रोज थोडें थोडें सांगत चार महिने नेत. श्रोत्यांस शेवट ठाऊकच असे, तरी देऊळ भरे. भेद इतकाच कीं, पुराणाला समाप्तीचा दिवस असे. त्या दिवशीं प्रसाद होई, बुवांना दक्षिणा मिळे आणि पोथी रुमालांत बांधली जाई. मालिकेचें तसें नसतें. तिला चालूं राहावयाचें असतें, आणि त्यासाठीं चित्रपटाच्या अखेरीस ज्याला निरोप दिला, त्याला पुन्हां बोलवावें लागतें.

आपल्याकडे याचें ठळक उदाहरण म्हणजे जादू. राकेश रोशन यांचा 'कोई मिल गया' हा हिंदी चित्रपट ८ ऑगस्ट २००३ रोजीं प्रदर्शित झाला. त्याची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. एक शास्त्रज्ञ ॐकाराचे स्वर संगणकावरून अंतराळांत पाठवितो आणि त्याला उत्तर येतें. पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, आणि तो अपघातांत मरतो. त्याच अपघातामुळें, त्या वेळीं जन्मास न आलेल्या त्याच्या मुलाची बुद्धि खुंटते. पुढें तो मुलगा वडिलांच्या त्याच संगणकावरून खेळतां खेळतां स्वर पाठवितो, यान येतें, आणि परत जातांना एक निळसर जीव मागें राहतो. मुलें त्याचें नांव जादू ठेवतात. ऊन्ह हें त्याचें बळ. तो मुलाला बुद्धि व शक्ति देतो, आणि शेवटीं आपल्या लोकांबरोबर निघून जातो.

हा चित्रपट पाहावयास आमच्या तीर्थरूपांनीं घरांतल्या सगळ्या मुलांना चिंचवडच्या एका चित्रपटगृहांत नेलें होतें. तीर्थरूप पिंपरीच्या एका कारखान्यांत कारकून होते. काळेवाडींत त्यांनीं घर बांधलें तेव्हां मागील दारापासून पवनेपर्यंत शेतेंच होतीं. त्यांना दोन नाद होते, पेटी वाजविण्याचा आणि विज्ञानकथा वाचण्याचा. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं आपल्या नांवाची आद्याक्षरें उलटीं करून 'नारायण विनायक जगताप' या नांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि पहिलें पारितोषिक मिळविलें, ही हकीकत ते घरीं येणाऱ्या प्रत्येकास सांगत. नारळीकरांचीं पुस्तकें त्यांच्या कपाटांत ओळीनें लावलेलीं असत. चित्रपटाहून परत येतांना सहा वर्षांच्या या पुतण्यास त्यांनीं खांद्यावर घेतलें होतें, आणि घरीं येतांच पेटीवर ते यानाला हांक मारण्याचे सूर काढून दाखविले होते.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत तीर्थरूप गेले. छातींत कफ सांठल्याचें निमित्त झालें आणि आठ दिवसांत सारें आटोपलें. मुलांस शेजारीं पाठविलें होतें. परत आल्यावर पुतण्यानें विचारलें, "आजोबा कुठं गेले?" घरांत माणसांची वर्दळ, आमच्या धाकट्या बंधूंना बोलवेना, भावजय आंत रडत होती. आम्ही घरांतले वडील, त्यांतून शाळामास्तर. उत्तर देण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं त्याला जिन्यांत नेलें, खिडकींतून बोट दाखविलें आणि सांगितलें, "आजोबा ताऱ्यांत गेले." तो रडला नाहीं. त्यानें मान डोलावली. मुलगा समंजस आहे असें आम्हांस वाटलें, आणि आपण प्रसंग बरा निभावला असेंहि वाटलें.

पुढें २००४ सालीं निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर 'जे बोले तो जादू' ही मालिका येणार असल्याचा गाजावाजा झाला. चित्रपट ज्यांनीं काढला त्यांच्याच संस्थेची ती निर्मिति होती. घरांतल्या मुलांनीं दिवस मोजले. पहिल्या भागाच्या वेळीं माजघरांत दूरदर्शनसंचापुढें शेजारचीं धरून दहा-बारा मुलें बसलीं होतीं. जादू दिसतांच एकच गलका झाला, "आला! परत आला!" पुतण्या तेवढा ओरडला नाहीं. तो वळून आमच्याकडे पाहात होता. गलका ओसरल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, जादूसुद्धां ताऱ्यांतच गेला होता ना?"

त्या प्रश्नांत पुढें काय आहे, हें आम्हांस त्या क्षणीं समजलें. समजूनहि आम्ही म्हणालों, "ती गोष्ट आहे. मुकाट्यानं बघ."

त्यानंतर चार-सहा दिवसांनीं रात्रीं जेवणें झाल्यावर गच्चीवरून पेटीचा आवाज येऊं लागला. वर जाऊन पाहतों तों आमच्या चिरंजीवांकडून हट्टानें पेटी वर आणवून पुतण्या एकटाच बसलेला. एका हातानें भाता हलवीत होता, आणि आकाशाकडे तोंड करून दुसऱ्या हाताच्या एका बोटानें तेच पांच-सहा सूर पुन्हां पुन्हां दाबीत होता. चुकलें कीं प्रारंभापासून. तीर्थरूपांच्या मागें त्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. आम्ही रागावलों. पेटी बिघडेल, शेजाऱ्यांस त्रास होईल, उद्यां शाळा आहे, असें जें सुचलें तें बोललों. जें बोलावयास हवें होतें तें सोडून सर्व बोललों.

इतक्यांत मातोश्री जिना चढून आल्या. आम्हांस त्यांनीं हातानेंच गप्प केलें आणि नातवाजवळ खालीं बसल्या.

"वाजव हो," त्या म्हणाल्या, "पण आजोबा यायचे नाहींत, बाळ."

"जादू आला."

"जादू पाहुणा. पाहुण्याला जायला स्वतःचं घर असतं, म्हणून त्याला परत यायला वाट असते. तुझे आजोबा पाहुणे नव्हते. त्यांचं घर हेंच. ते दुसरीकडे कुठं गेले नाहींत, मग येतील कुठून? ते वारले. ताप आला, छाती भरली आणि वारले."

"अप्पा म्हणाले, ताऱ्यांत गेले."

"तुला रडतांना अप्पाला बघवलं नसतं, म्हणून तो तसं म्हणाला."

मग तो मुलगा रडला. तीर्थरूप गेल्यापासून इतक्या महिन्यांत तो एकदांहि रडला नव्हता, हें आम्हांस त्या वेळीं उमगलें. आम्हीं ज्याला समंजसपणा म्हटलें, तें वाट पाहणें होतें. मातोश्रींनीं त्याला रडूं दिलें, आणि तोंवर पदरानें पेटीवरची धूळ पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पेटी माजघरांत ठेवविली आणि त्याला सा कोठें आहे तें दाखविलें. त्यांना स्वतःला त्यापलीकडे फारसें येत नव्हतें.

मालिका त्यानें पुढेंहि पाहिली, पोट धरधरून हंसला, आणि दुसरी कांहीं आवडूं लागल्यावर ती विसरलाहि. थोडा मोठा झाल्यावर आजोबांच्या कपाटांतलीं पुस्तकें त्यानें एकेक करून वाचून काढलीं. त्यांत नारळीकरांची 'वामन परत न आला' हीहि कादंबरी होती. तिचें नांव पाहून तो आमच्याकडे बघून हंसला, तें अजून स्मरतें.

वाचकहो, अशी कोणतीहि नवी मालिका येऊं घातली कीं घरोघर एक वाद उत्पन्न होतो, मुलांना ती दाखवावी कीं न दाखवावी? हा वाद निरर्थक नाहीं. 'एलियन' ही कथा भयानक व रक्तपाताची आहे. ती प्रौढांसाठीं आहे आणि आठ वर्षांच्या मुलाला ती दाखवूं नये, याविषयीं आमच्या घरांत दुमत झालें नाहीं. परंतु जादूच्या मालिकेंत मुलांपासून लपविण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि तरी आमच्या घरीं एक मूल तिच्यामुळें रात्रीं गच्चीवर जाऊन बसलें. दोष मालिकेचा नव्हता. गेलेल्याला परत आणणें हा तिचा धर्मच आहे. तिनें तो पाळला. ताऱ्यांची थाप आमची होती. मालिकेनें केवळ ती खरी धरून पुढचें पाऊल टाकलें.

लहान मुलास मरणाविषयीं किती सांगावें, याचा नियम आम्हांस सांगतां येणार नाहीं. प्रत्येक घराची श्रद्धा निराळी, प्रत्येक मुलाचें वय निराळें. परंतु जें सांगूं तें आपणांस स्वतःस खरें वाटणारें असावें, आणि ज्याची मूल वाट पाहात बसेल असें कांहीं सांगूं नये, एवढें आम्ही शिकलों. दुसरें असें कीं, मालिकेचा पहिला भाग मुलांबरोबर बसून पाहावा. मुलांचे प्रश्न त्याच वेळीं निघतात. त्या दिवशीं आम्ही बसलों होतों खरे, पण प्रश्न आला तेव्हां मात्र उठल्यासारखें केलें.

आतां ओसरीवरची गोष्ट पुरी करूं. नातवाचा प्रश्न ऐकून पुतण्यानें त्याला झोपाळ्यावर शेजारीं बसविलें.

"गोष्टींत मरत नाहींत," तो म्हणाला. "खऱ्यांत असं कुणाला अजून करतां आलेलं नाहीं. फार आजारी माणूस खऱ्यांत कधीं कधीं मरतो, आणि मग परत येत नाहीं."

"लहान मुलगासुद्धां?"

"कधीं कधीं. बहुतेक मुलं मोठीं होतात. तूंहि होशील."

नातू थोडा वेळ झोपाळ्याच्या कडीशीं चाळा करीत बसला. मग, "आपली पेटी कुणाची होती?" असें त्यानें विचारलें. पुतण्या सांगूं लागला, आणि त्या नादांत त्याची बस चुकतां चुकतां राहिली.

मातोश्री २०१६ सालीं गेल्या. नातवानें त्यांना पाहिलेलें नाहीं. तथापि त्यांनीं गच्चीवर दिलेलें उत्तर त्याच्यापर्यंत पोंचलें, तें आम्हीं दाराशीं उभे राहून ऐकलें.