ग्रहण नेमकं कुणाला लागलंय?



परवा चुलतभावाकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता २०२५ सालच्या आपल्या बुलढाण्याच्या त्या बाळाचा विषय निघाला. भाऊ लगेच म्हणाला, "दादा, ग्रहणात काही चिरलं असन तिनं."

माझा घास हातातच राहिला. हाच भाऊ दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीने पित्ताशय काढून घेऊन दुसऱ्या दिवशी चालत घरी आला होता! डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा केलं ते १९९० साली, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात. तेव्हापासून आपल्याला पोटाला तीन-चार भोकं पडलेली चालतात, डोक्यात मात्र उजेडाला एक भोक नको.

काय घडलं होतं? जिल्हा स्त्री रुग्णालयात एका गरोदर बाईची सोनोग्राफी करताना डॉ. प्रसाद अग्रवाल यांना बाळाच्या पोटात आणखी काहीतरी दिसलं. जन्मानंतर बाळाला अमरावतीला नेलं. तिथे डॉ. उषा गजभिये यांच्या पथकाने त्या तीन दिवसांच्या जीवाच्या पोटातून दोन अविकसित गर्भ काढले.

पाच लाख जन्मांत एखादं असं बाळ, असं सांगतात. जुळी होता होता एक गर्भ दुसऱ्याच्या आत अडकतो, असं बहुतेक डॉक्टर मानतात. तेही अगदी सुरुवातीला, बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. मग विळी कुठून आली मध्ये? आणि बाळाला 'गरोदर बाळ' म्हणणाऱ्यांनी तर कमालच केली.

नागपूरचा एक शेतकरी असंच ओझं पोटात घेऊन ३६ वर्षं जगला. लोक त्याच्या पोटाला हसायचे. १९९९ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात गाठ म्हणून पोट उघडलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे ३६ वर्षं लागली, आणि आपल्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जन्माआधीच कळलं. अभिमान बाळगायचा तो याचा! आपण बोट दाखवतो आईकडे.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगतो. १९७० साली माझ्या थोरल्या वहिनीचं पहिलं बाळ आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. आज अशी कितीतरी बाळं ऑपरेशनने वाचतात. तेव्हा ओसरीवर सगळ्यांनी मिळून ठरवलं, हिनं ग्रहण पाळलं नाही. मी बी.ए.ला होतो. चार बुकं शिकलेला. गप्प बसलो. वहिनी नंतर चाळीस वर्षं प्रत्येक ग्रहणात कोपऱ्यात हात बांधून बसायची, मुलं मोठी झाली तरी.

भावाला हे सगळं ताटावरच सांगितलं. तो चिडला, भाजी वाढायला आलेली सूनबाई मात्र ऐकत उभी राहिली.

तो चिडला तर चिडू दे. तुमच्या घरी कुणी असं बोललं, तर माझ्यासारखे पन्नास वर्षं थांबू नका.