वेताळाने राजाला सावध केलं होतं

‘प्यार की ये एक कहानी’ ही मालिका २०१० साली स्टार वनवर सुरू झाली. तिच्यातला अभय रायचंद रक्तपिशाच्च होता, तरी मला आवडला. तो माणसांत राहतो, कॉलेजात जातो, एका मुलीवर जीव लावतो आणि तिच्यासाठी स्वतःला आवरतो. त्याला बाटलीत कोंडायला कुणी मांत्रिक लागत नाही.

आमच्याकडच्या भुतांना गावात बिऱ्हाड करायची मुभा नव्हती. आमच्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथलाच. तिन्हीसांजेला नदीकडून घरी यायचं तर मारुतीचं नाव घ्यायचं. मग मुंजा पिंपळावर आणि खवीस शिवेपलीकडे. मोठ्यांनी एवढं सांगितलं की आम्ही निर्धास्त असायचो.

वेताळाची गोष्ट मात्र वेगळी. १९८५च्या सुमारास दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागायचं. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. त्यातले कोड्यांसारखे प्रश्न सगळ्यांना आठवतात. मूळ कथेचा शेवट फार थोड्यांना ठाऊक असतो. राजाला प्रेत आणायला धाडणारा योगी त्याचाच बळी द्यायला टपलेला असतो, आणि हे राजाला सांगतो तो वेताळ. प्रेतात राहणारा वेताळ राजाचा जीव वाचवतो, अन् भगव्यातला माणूस सुरा लपवून बसलेला असतो! आपल्या जुन्या कथाकारांची नजर किती स्वच्छ होती.

आजच्या कितीतरी मालिकांत याच्या नेमकं उलट घडतं. घरात काही विपरीत झालं की कुणी बाबा येतो, उतारा सांगतो आणि तो लागू पडतो. सातारा जिल्ह्यात बसून हे बघताना मला राग येतो. नरेंद्र दाभोलकर इथले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम नंतर काही दिवसांतच निघाला. भुताची गोष्ट सांगायला हा कायदा आडवा येत नाही. भीती दाखवून लुबाडणाऱ्याला मात्र तो धरतो.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा २०१९चा दुसरा भाग मला म्हणूनच जास्त भावला. त्यात अण्णा नाईक जिवंत आहेत. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो घरचा कर्ता बघून अंगावर काटा येतो, भूत व्हायची वाटसुद्धा बघावी लागत नाही.

मालिका लिहिणाऱ्यांनी पिशाच्चं खुशाल आणावीत, प्रेमात पाडावीत, आमच्या पिंपळावरही बसवावीत. फक्त बाबाचा उतारा एकदा तरी सपशेल फसू द्यावा, आणि त्याने घेतलेले पैसे त्या घराला परत मिळालेले दाखवावेत.