कायमचा रहिवासी म्हणजे कशाचा वाटेकरी?



परदेशात कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला की आपल्या मंडळींत पेढे वाटले जातात. अभिनंदनाबरोबर सल्लेही येतात. त्यातला एक सल्ला परवाना हाती आल्यापासून मला इतक्या जणांनी दिला आहे की आता तो पाठ झाला आहे: "आता तो सरकारी आरोग्यविमा सोड आणि खाजगी घे. दुसऱ्यांच्या आजारपणाचे पैसे आपण का भरायचे?" सल्ला देणारी माणसे चांगली आहेत, माझ्या भल्याचेच बोलतात. तरीही हा सल्ला मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. वाल्डॉर्फ हे हायडेलबर्गच्या दक्षिणेला, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातले एक छोटे गाव. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्यालय इथे आहे, म्हणून गावाच्या मानाने इथे पुणे-मुंबई-नाशिकची माणसे बरीच भेटतात. मी 2021 साली ब्लू कार्डावर इथे आले आणि 2024 साली मला कायमचा परवाना मिळाला. इतक्या लवकर तो मिळू शकतो, ही गोष्ट मात्र आपोआप घडलेली नाही. 2000 साली जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' काढले तेव्हा त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे होती. कामापुरते या आणि परत जा, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्याच वर्षी एका राज्याच्या निवडणुकीत युर्गेन र्‍युटगर्स या पुढाऱ्याच्या प्रचारातून 'भारतीयांऐवजी मुले' अशी घोषणा गाजली. पुढे 2005 चा वास्तव्य कायदा आला, 2012 साली ब्लू कार्ड आले, 2023 च्या सुधारणेने मुदत आणखी कमी झाली. आता ब्लू कार्डवाल्याला 27 महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-1 परीक्षा दिलेली असेल तर 21 महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो. इथल्या अनेक लोकांनी स्थलांतरितांची बाजू लावून धरली, म्हणून हे झाले.

फॉर्म काय विचारतो?

अर्जाला जोडायच्या कागदांची यादी लांब असते: पगारपत्रके, मालकाचे पत्र, घराचा करारनामा आणि त्यातले चौरस मीटर, पेन्शन खात्यात किती महिने वर्गणी भरली त्याचा उतारा, भाषेचे प्रमाणपत्र, जर्मनीच्या कायद्याची व समाजव्यवस्थेची माहिती असल्याचा पुरावा आणि आरोग्यविम्याचा दाखला. या सगळ्यांत आपल्या माणसांना घाबरवणारा प्रश्न एकच असतो: तुम्ही सरकारी मदत घेता का?

या प्रश्नाच्या भीतीने लोक काय काय करतात ते मी पाहिले आहे. पाठीच्या दुखण्याने बसवत नसताना ओळखीतला एक तरुण रजा न घेता कामावर जात राहिला. 'आजारपणाचा भत्ता घेतला तर फाइल खराब होईल' असे त्याला कोणीतरी सांगितले होते. कायदा असे म्हणत नाही. वर्गणीतून मिळणारे लाभ, तसेच बालभत्ता आणि नव्या आईबापांना मिळणारा पालकभत्ता, हे पोट चालवण्यासाठी घेतलेली सरकारी मदत म्हणून मोजले जात नाहीत. आजारपणात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर विमा मंडळ ढोबळ पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत भत्ता देते, आणि तो एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत चालू शकतो. आपण दर महिन्याला ज्याची वर्गणी भरतो ते घेण्यात लाज कसली?

ही भीती कुठून येते हे अमेरिकेतल्या वाचकांना सांगायला नको. तिथे 1996 च्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेडसारख्या योजनांपासून सर्वसाधारणपणे पाच वर्षे दूर ठेवले. 2020 साली 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम अमलात आला आणि 2021 साली तो मागे पडला. पण मधल्या काळात ज्यांना तो नियम लागूही नव्हता अशी माणसेसुद्धा घाबरून दवाखान्यापासून लांब राहिली. नियम रद्द होतो, भीती मात्र व्हॉट्सॅपवरून देशोदेशी फिरत राहते.

खाजगीचे गणित

आता मूळ सल्ल्याकडे येते. ज्याला आपण 'सरकारी विमा' म्हणतो तो खरे तर सरकारी नाहीच. 1883 साली बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकावी हा त्याचा हेतू होता, पण जे उभे राहिले ते टिकले. ही विमा मंडळे सार्वजनिक आहेत, स्वतःचा कारभार स्वतः पाहतात आणि वर्गणीवर चालतात. 2025 च्या नियमांप्रमाणे वर्गणी पगाराच्या 14.6 टक्के, वर मंडळागणिक थोडी जादा, आणि निम्मा भार मालकाचा. त्या वर्षी 66,150 युरोच्या वरच्या पगारावर वर्गणी लागत नव्हती. म्हणजे भरपूर पगारवाल्यांना इथेही सवलतच आहे! न कमावणारा जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत येतात. वय काय, मधुमेह आहे का, हे कोणी विचारत नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही एक प्रचंड मोठी भिशी आहे. फरक एवढाच, की भिशीत पाळी ठरलेली असते आणि इथे ज्याला गरज त्याची पाळी.

2025 साली वर्षाला 73,800 युरोपेक्षा जास्त पगार असलेल्या नोकरदाराला या भिशीतून बाहेर पडता येत होते. ही मर्यादा दर वर्षी थोडी वाढते. वाल्डॉर्फमधल्या अनेकांचे पगार तिच्या आसपास किंवा वर असतात. खाजगी विम्याचा हप्ता पगारावर नसतो, तो विमा घेतानाच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो. त्यामुळे तिशीतल्या, एकट्या, धडधाकट माणसाला तो स्वस्त पडतो. पुढे लग्न होते, मुले होतात, आणि प्रत्येक डोक्यामागे वेगळा हप्ता सुरू होतो. वय वाढते तसे हप्तेही वाढतात. मग सार्वजनिक विमा आठवतो. पण पगार मर्यादेवर असेपर्यंत परतणे कठीण, आणि वयाच्या 55 नंतर तो दरवाजा जवळजवळ बंदच होतो.

सार्वजनिक विम्यात तज्ज्ञ डॉक्टरची तारीख मिळायला कित्येकदा महिने लागतात, हा आक्षेप खरा आहे. खाजगीवाल्याला तीच तारीख लवकर मिळते, कारण त्याच्या तपासणीचे डॉक्टरला जास्त पैसे मिळतात. म्हणजे आपण जिच्याविषयी तक्रार करतो त्या रांगेत आपल्याला मागे सारणारा, रांग सोडून पुढे गेलेला माणूसच असतो. तरुण, निरोगी आणि जास्त पगाराची माणसे बाहेर पडली की उरलेल्यांवरचा भार वाढतो, हे समजायला हिशेबनीस असण्याची गरज नाही.

आईवडिलांचा प्रश्न

दुसऱ्यांच्या आजारपणाचे पैसे का भरायचे, असे विचारणाऱ्यांचेच गळे एका विषयावर दाटून येतात: आईवडील. मुलांप्रमाणे आईवडिलांना कुटुंब म्हणून सार्वजनिक विम्यात घेता येत नाही. 1 मार्च 2024 पासून कुशल कामगारांच्या पालकांना इथे राहण्याचा परवाना मिळू शकतो, पण ज्यांचे ब्लू कार्ड किंवा तत्सम परवाना त्या तारखेला किंवा नंतर पहिल्यांदा निघाला त्यांच्याच पालकांना. माझ्यासारखे आधी आलेले त्यातून बाहेर राहिले. ज्यांना नियम लागू होतो त्यांच्यापुढेही विम्याची भिंत आहेच. सत्तरीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाला खाजगी कंपनी घेईलच असे नाही, आणि घेतलेच तर हप्ता डोळे पांढरे करणारा असतो.

मग तिकडे जाऊन सेवा करावी म्हटले, तर साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिले की कायमचा परवाना संपुष्टात येतो. (जाण्यापूर्वी कचेरीकडून लेखी मुदतवाढ घेता येते. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.) भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, पण तो पेन्शनपुरता, आरोग्यविम्याला तो लागू नाही.

या अडचणीतून आपल्याला निदान एक गोष्ट कळायला हवी. कागदावरच्या एका तारखेमुळे किंवा एका रकान्यामुळे माणूस औषधपाण्याच्या वाट्यातून बाहेर फेकला जातो, म्हणजे काय होते ते. आपल्याकडे 2012 साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेसाठी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागे. ज्या मजुराचे कार्ड गावी राहिले त्याला विचारा. इथे आश्रय मागणाऱ्यांना 1993 च्या कायद्याने सुरुवातीच्या काळात मुख्यतः तीव्र आजार आणि वेदना यांवरचेच उपचार मिळतात. 2024 साली तो सुरुवातीचा काळ 18 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेला. ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांनी उपचाराच्या खर्चासाठी समाजकल्याण कचेरीत जावे, तर त्या कचेरीवर परदेशी नागरिक खात्याला कळवण्याचे बंधन आहे. आपल्या आईसाठी जो नियम आपल्याला निर्दय वाटतो, तो दुसऱ्याच्या आईसाठी योग्य कसा ठरतो?

करायचे काय?

वाल्डॉर्फ हे स्थलांतरितांचे गाव आहे ते सॉफ्टवेअर येण्याच्या फार आधीपासून. 1763 साली इथे जन्मलेला योहान याकोब आस्टोर हा खाटकाचा मुलगा अमेरिकेत गेला आणि तिथला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. फरच्या आणि काही काळ अफूच्या व्यापारातून मिळवलेल्या त्या संपत्तीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण 1848 साली वारताना त्याने गावातल्या गरिबांसाठी आणि आजाऱ्यांसाठी 50,000 डॉलर ठेवले, आणि त्यातून 1854 साली उघडलेले आस्टोरहाउस आजही उभे आहे. मला मात्र त्याच्या दानापेक्षा बिस्मार्ककालीन वर्गणी जवळची वाटते. दान देणाऱ्याच्या लहरीवर असते, वर्गणीने हक्क तयार होतो.

2024 साली महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. त्यातून नर्स, वीजतंत्री, वाहनचालक अशी मराठी मुले-मुली इथे येऊ लागली, तर त्यांचे पगार आपल्याएवढे नसतील, आणि मालकाच्या मनुष्यबळ विभागात त्यांचे फॉर्म भरून देणारे कोणी असेलच असे नाही. त्यांचा आजार, त्यांची बाळंतपणे याच सामाईक पैशातून होणार आहेत.

म्हणून माझे तीन प्रस्ताव. ज्यांना शक्य आहे त्यांनी सार्वजनिक विम्यातच राहावे. मंडळांच्या गणपतीत एक टेबल फॉर्म भरून देण्यासाठी ठेवावे, आणि त्यावर मराठीइतकीच हिंदी आणि मल्याळीही चालावी. आणि पालकांच्या परवान्यातली ती तारखेची अट काढावी, सोबत पालकांना योग्य वर्गणी घेऊन सार्वजनिक विम्यात सामावून घ्यावे, अशी मागणी आपण आपल्या भागातल्या खासदाराकडे लेखी करावी. कायमच्या रहिवाशाला इथे मतदान करता येत नाही, पण पत्र लिहिता येते. तेवढे तरी या कार्डाचे चीज करू या.