सामायिक खोली, कुलूपबंद ट्रंक: डिलाईल रोड आणि घरच्या वायफायची किल्ली

१/ डिलाईल रोडवरील चाळींविषयी कोणीही बोलू लागले की 'उघडे दार' हे शब्द हमखास येतात. दार दिवसभर उघडे, शेजाऱ्यांची ये-जा मोकळी, वाटीभर साखरेसाठी संकोच नाही. त्याच धर्तीवर घरचे वायफायही शेजाऱ्यांना खुले असावे, त्याला पासवर्ड लावणे हा कोतेपणा आहे, असे मत आजही ऐकू येते. हे मत इतिहासाच्या अर्ध्याच आठवणीवर उभे आहे. उरलेली अर्धी आठवण या थ्रेडमध्ये. 🧵

२/ या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. १९११ मध्ये 'सोशल सर्व्हिस लीग' स्थापन करणाऱ्या आणि १९२० मध्ये 'आयटक'च्या उभारणीत अग्रभागी असणाऱ्या कामगार नेत्याचे हे नाव. 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ३२ इमारती याच रस्त्यावरच्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली जेमतेम १६० चौरस फुटांची.

३/ गिरणगावातील अनेक खोल्या एका कुटुंबाच्या नव्हत्या, त्या गावकीच्या होत्या. कोकणातून किंवा घाटावरून आलेले एकाच गावचे पुरुष एका खोलीत राहत. पाळीनुसार झोपत, खाणावळीत जेवत, भाडे वाटून घेत. खोली सर्वांची होती. परंतु भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक असे आणि तिला कुलूप असे. त्या कुलपाने कोणाचा अपमान होत नसे. जागा सामायिक करणे आणि आपली वस्तू सांभाळणे या दोन्ही गोष्टी त्या खोलीत एकत्र नांदत होत्या.

४/ आता बिनतारी लहरींकडे वळू. भारतात लहरींवर सरकारची नजर जुनी. १९३३ च्या कायद्याने बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यास परवाना आवश्यक केला. घरातील साध्या रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. लहर भिंत मानत नाही, हे राज्यकर्त्यांना फार लवकर उमगले होते.

५/ त्याचे ठळक उदाहरण याच शहरातले. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. पोलीस लहरींचा माग काढत असल्याने प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलावी लागे. नोव्हेंबर १९४२ मध्ये छापा पडला आणि अटका झाल्या. त्या तरुणांना आपण काय करतो आहोत आणि त्याची किंमत काय, याची पूर्ण जाणीव होती.

६/ पुढे जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मुक्त केले. वायफाय प्रामुख्याने याच पट्ट्यावर चालत असे. आता साध्या कुटुंबाच्या घरातही एक छोटे प्रक्षेपण केंद्र बसू लागले. मात्र आपण लहरी प्रक्षेपित करतो आहोत, याची जाणीव बहुतेक घरांना नव्हती. १९४२ आणि २००८ यांच्यातील मोठा फरक हाच.

७/ २६ जुलै २००८. अहमदाबादेत बॉम्बस्फोट मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल मिळाला. माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याचे संगणक तपासणीसाठी घेण्यात आले, त्याची चौकशी झाली. कटाशी त्याचा संबंध आढळला नाही. कोणीतरी बाहेरून त्याचे वायफाय वापरले होते.

८/ ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल आला. त्याचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यापर्यंत गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी काही जणांना अटक केली. त्यांत संगणक क्षेत्रातील उच्चशिक्षित तरुणही होते. असुरक्षित जाळी हेरून त्यांवरून हे ईमेल पाठवल्याचा त्यांच्यावर आरोप होता.

९/ माग घराच्या मालकापर्यंतच का पोहोचला? राउटरला जोडलेली सर्व उपकरणे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. आत लॅपटॉप आपला आहे की रस्त्यावर उभ्या गाडीतील परक्याचा, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. सेवा पुरवठादाराच्या नोंदीत नाव असते ते देयक भरणाऱ्याचे. म्हणून पोलीस त्याच्याच दारात येतात. उघडे वायफाय म्हणजे सही करून ठेवलेला कोरा कागद.

१०/ २६/११ नंतर शहराची मनःस्थिती बदलली होती. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केले की पथके लॅपटॉप घेऊन फिरतील, पासवर्ड नसलेली वायफाय जाळी शोधतील आणि मालकांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस देतील. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने पुरवठादारांना सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचे तर ओळखपत्र किंवा मोबाइलवरील एसएमएसद्वारे वापरणाऱ्याची ओळख पटवणे आले.

११/ हेतू समजण्याजोगा होता, पण दिशा अपुरी होती. नोटीस 'पासवर्ड लावा' असे सांगते. कोणता आणि कसा, हे सांगत नाही. त्या काळी राउटरमध्ये 'डब्ल्यूईपी' नावाचा पर्याय सर्रास असे. त्यातील मूलभूत दोष फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवला होता. २००७ पर्यंत ते कुलूप मिनिटभरात उघडता येऊ लागले. म्हणजे नोटिशीचे पालन करूनही घर उघडेच राहण्याची शक्यता होती.

१२/ दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००८ च्याच जानेवारीत अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी आपण घरचे वायफाय मुद्दाम उघडे ठेवतो, असे लिहिले. पाहुण्याला जशी ऊब आणि वीज द्यावी तसेच इंटरनेटही द्यावे, जपायचे असेल तर आपला संगणक जपावा, असा त्यांचा युक्तिवाद. डिलाईल रोडच्या संस्कृतीला हा विचार परका वाटणार नाही.

१३/ तरी तो येथे जसाच्या तसा लागू होत नाही. श्नायर यांना आपली उपकरणे सुरक्षित करण्याचे ज्ञान होते, सामान्य कुटुंबाला ते नसते. दुसरे असे की चाळीचे उघडे दार कधीच बेवारस नव्हते. सामायिक मार्गिकेत माणसे असत. अनोळखी माणूस दिसला की 'कोण पाहिजे?' हा प्रश्न ठरलेला. ती नजर हेच त्या दाराचे कुलूप होते. लहरींच्या दारात असा प्रश्न विचारणारे कोणी नसते. तेथे ते काम पासवर्ड करतो.

१४/ म्हणून उत्तर पुन्हा गावकीच्या खोलीत सापडते. आज बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. ते म्हणजे सामायिक खोली. घरातील संगणक, कॅमेरा, टीव्ही मुख्य जाळ्यावर, म्हणजे ट्रंकेत. शेजारच्या मुलाला अभ्यासासाठी इंटरनेट हवे असेल तर गेस्टचा पासवर्ड द्यावा. गणपतीत पाहुण्यांना दिलेला पासवर्ड विसर्जनानंतर बदलावा. आयपी पत्ता मात्र दोन्ही जाळ्यांचा एकच असतो. त्यामुळे पासवर्ड ओळखीच्या माणसालाच देणे आले.

१५/ कुलूप कोणते? डब्ल्यूपीए३ (२०१८), ते नसल्यास एईएससह डब्ल्यूपीए२ (२००४). डब्ल्यूपीए२ मध्ये एक मर्यादा आहे. पासवर्ड ठाऊक असलेला आणि जोडणीच्या क्षणाची देवाणघेवाण टिपणारा माणूस त्याच जाळ्यावरील इतरांची वाहतूक उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ ने हा मार्ग बंद केला. आज बहुतेक संकेतस्थळे स्वतःही माहिती कूटबद्ध करतात, हा दिलासा आहे. पण दुसरे दार भक्कम आहे म्हणून पहिले उघडे टाकायचे नसते.

१६/ किल्ली कशी असावी? मोबाइल क्रमांक नको. तो दहाच अंकांचा असतो आणि साऱ्या इमारतीला पाठ असतो. चार-पाच असंबद्ध शब्दांची लांब ओळ उत्तम. ६३ अक्षरांपर्यंत मुभा असते. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो. जोडणी करणारा माणूस जो ठेवून जातो तो बदलणे तितकेच महत्त्वाचे. आठ अंकी पिनने जोडणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद ठेवावी. तिच्यातील दोष २०११ मध्ये उघड झाला. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे.

१७/ दोन समजुती सोडून द्याव्यात. जाळ्याचे नाव लपवले की ते सुरक्षित होते, ही पहिली. लपवलेले नावही साध्या साधनांनी दिसते. ठरावीक उपकरणांचे मॅक पत्ते नोंदवले की परका आत येत नाही, ही दुसरी. मॅक पत्त्याची नक्कल करता येते. दारावरची पाटी काढल्याने किंवा यादी टांगल्याने कडी लागत नाही.

१८/ आता जबाबदारीचा प्रश्न. २००९ च्या धोरणाने सारा भार घरमालकावर टाकला. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. दोष त्या घरांचा की प्रत्येक यंत्राला एकच पासवर्ड देणाऱ्या उत्पादकांचा? ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सामायिक मूळ पासवर्ड कायद्याने बंद केले. नोटिशीपेक्षा हा मार्ग न्याय्य आहे. चाळीतल्या आजीकडून कूटशास्त्राची अपेक्षा ठेवण्याआधी तिला विकलेल्या यंत्राची तपासणी झाली पाहिजे.

१९/ तोपर्यंत कुलूप आपणच लावायचे आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांतून कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या सदनिकांत जात आहेत. मार्गिकेतील ती नजर तेथे असेलच असे नाही. दारे बंद होतील, लहरी मात्र भिंती ओलांडत राहतील. वरच्या मजल्यावर कोण राहते हे ठाऊक नसलेल्या इमारतीत उघडे वायफाय हा शेजारधर्म राहत नाही. ज्याला द्यायचे त्याला नावाने ओळखून द्यावे, हाच जुना शेजारधर्म.

२०/ गिरणगावचा वारसा 'सगळे उघडे होते' एवढ्या एका वाक्यात मावत नाही. एका खोलीत अनेक माणसे राहिली, कारण प्रत्येकाच्या ट्रंकेला कुलूप होते आणि त्या कुलपाचा सर्वांना आदर होता. घरच्या वायफायला लावलेला चांगला पासवर्ड त्याच परंपरेत बसतो. आज रात्री राउटरची मांडणी उघडून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. (समाप्त)